व्हेलचा इशारा देणारं ॲप: पाचपैकी तीन तारे

मी मालवाहू जहाजावर सेकंड ऑफिसर. न्यूयॉर्क बंदराच्या तोंडाशी १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल मोठ्या जहाजांना १० नॉटची (ताशी साधारण साडेअठरा किलोमीटर) वेगमर्यादा असते, व्हेलना धडक बसू नये म्हणून. २००८ पासूनचा नियम. ॲप तो पट्टा नकाशावर ठळक दाखवतं, आत शिरलं की फोन गुरगुरतो. इथवर झकास. पण रेंज गेली की व्हेल दिसल्याची कालचीच नोंद आजची म्हणून मिरवतं! परवा पहाटे स्टारबोर्डला, म्हणजे उजव्या बाजूला, व्ही आकाराचा फवारा उडाला, पाठीवर पर नाही, म्हणजे राइट व्हेलच. ही उत्तर अटलांटिकमधली जात, जगात चारशेसुद्धा उरले नाहीत. ॲप मात्र गप्प. उशीर होतोय म्हणून कुरकुरणारे कॅप्टनसुद्धा दुर्बीण घेऊन विंगवर, म्हणजे ब्रिजच्या बाजूच्या उघड्या सज्जावर आले. नशीब, वेग आधीच उतरवला होता. ऑफलाइनचं तेवढं बघा, चौथा तारा देतो.