फ्रान्झ ऑस्टेन यांचा ‘शिराज’: सात महिने वापरलेल्या डिस्कविषयी

जर्मन दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन यांच्या ‘शिराज’ (१९२८) या मूकपटाच्या पुनरुज्जीवित प्रतीची ब्लू-रे डिस्क मी सात महिन्यांपूर्वी ब्रिटनहून मागवली आणि आजवर पाच वेळा पूर्ण पाहिली. पहिला महिना वाया गेला, कारण ब्रिटन ब्लू-रेच्या ‘बी’ विभागात आणि भारत ‘सी’ विभागात येतो आणि एका विभागाची डिस्क दुसऱ्या विभागाच्या प्लेअरवर सहसा चालत नाही, हे विक्रेत्याने सांगितले नव्हते. शेवटी दोन्ही चालवणारा प्लेअर मित्राकडून आणावा लागला.

चित्र इतके स्वच्छ आहे की प्रथम मी फक्त आग्र्याचे दगडी काम आणि हत्ती पाहत बसलो. ऑस्टेन मूळचे म्युनिकचे, छायाचित्रणातून चित्रपटात आलेले. त्यांच्या आधीच्या ‘प्रेम संन्यास’च्या (१९२५) आरंभी तर स्टुडिओतील देखावे आणि कृत्रिम दिवे वापरलेले नाहीत, असे अभिमानाने नोंदवले होते. ऊन आणि गर्दी हाताळण्यात त्यांचा हात पक्का आहे. प्रेमप्रसंग मात्र मला दरवेळी लांबलेले वाटतात. हत्तीच्या पायाखाली नायक शिराजला देहदंड देण्याच्या प्रसंगात पुढे काय होणार हे ठाऊक असूनही पाचव्यांदा माझा श्वास रोखला गेला.

अनुष्का शंकर यांनी २०१७ मध्ये दिलेले संगीत सुंदर आहे, तरीही तिसऱ्या वेळी मी आवाज बंद केला आणि शिराजची भूमिका करणारे हिमांशु राय यांचा अभिनय तेव्हाच नीट दिसला. मजकुराच्या पाट्या इंग्रजीत असल्याने आईला त्या मराठीत सांगाव्या लागतात, आणि ती पाटी संपण्याआधीच पुढचे ओळखते.

या पाहण्याचा अनपेक्षित उपयोग ‘अछूत कन्या’ (१९३६) पुन्हा पाहताना झाला. मालाडच्या बॉम्बे टॉकीज या स्टुडिओत ऑस्टेन यांनी हिंदी येत नसताना बोलपट दिग्दर्शित केले. तिथे संवादाआधी चेहरा बोलतो, ही मूकपटाची सवय आता मला स्पष्ट दिसते. त्याच वर्षी ते नाझी पक्षाचे सदस्य झाले होते, हे वाचल्यावर मात्र त्या बोलपटातील अस्पृश्यतेविषयीची कणव पाहताना मन अडखळते. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच इंग्रज सरकारने त्यांना अटक केली, त्यांचा अपुरा राहिलेला ‘कंगन’ हा चित्रपट दुसऱ्याने पूर्ण केला आणि ऑस्टेन जर्मनीला परतले.

हौशी प्रेक्षकाने डिस्क जरूर घ्यावी. मी आता त्यांच्याच ‘प्रपंच पाश’ची (१९२९) मागवतो आहे, या वेळी विभाग आधी विचारला.