अपडेटनंतर वायरचं नेट बंद: ड्रायव्हर मागे न्यावा, नवा टाकावा की यूएसबी अडॅप्टर लावावा?

विंडोजचा मोठा अपडेट झाला, संगणक पुन्हा सुरू झाला, वायफाय ठणठणीत आणि वायरचं नेट मात्र गेलं. केबल बदलून पाहणं, राउटर बंद-चालू करणं हे तुमचं करून झालं असणार, त्यामुळे त्यात शिरत नाही. खरा घोळ त्यानंतर सुरू होतो, कारण इथून वाटा फुटतात आणि प्रत्येक वाट सांगणारा माणूस आपलीच कशी बरोबर ते ठासून सांगतो. मी घरच्या डेस्कटॉपवर आणि कामाच्या लॅपटॉपवर यातल्या बहुतेक वाटांनी जाऊन आलो आहे. तुमच्या यंत्रातली चिप वेगळी असेल तर अनुभवही थोडा वेगळा येईल, हे गृहीत धरून वाचा.

आधी एक गोष्ट उरकून घ्या. विंडोज ८ पासून 'शट डाउन' केल्यावर संगणक पूर्ण बंद होत नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर कर्नलची, म्हणजे विंडोजच्या गाभ्याची, स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि पुढच्या वेळी तीच उचलली जाते. त्यामुळे रात्री बंद करून सकाळी लावला तरी ड्रायव्हर, म्हणजे नेटची चिप चालवणारं सॉफ्टवेअर, जिथे अडकला होता तिथेच असतो. 'रीस्टार्ट' मात्र खरोखर नव्याने सुरुवात करतो. शिवाय बंद संगणकातही लॅनच्या, म्हणजे वायरच्या नेटच्या, चिपला थोडी वीज मिळत असते, कारण तिला नेटवर्कवरून जागं करण्याची सोय ठेवलेली असते. म्हणून डेस्कटॉप असेल तर भिंतीतला प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, मग पुन्हा लावा. एवढ्याने काम झालं तर पुढचं वाचायची गरजच नाही.

नाही झालं, तर डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे विंडोजमधली उपकरणांची यादी, उघडा आणि काय दिसतं ते नीट बघा, कारण कोणती वाट धरायची ते इथे ठरतं. लॅनचं नाव दिसतंय, पिवळा त्रिकोण नाही, पण आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा संगणकाचा क्रमांक, १६९.२५४ ने सुरू होतोय: म्हणजे कार्ड जिवंत आहे, राउटरकडून पत्ता मिळत नाही आणि विंडोजने स्वतःच एक पत्ता लावून घेतलाय. हे बहुधा सेटिंगचं दुखणं. पिवळा त्रिकोण आहे, किंवा नावच गायब आहे: हे ड्रायव्हरचं. तिसरा प्रकार फसवा असतो. नेट चालतं, पण अधूनमधून तुटतं, किंवा गिगाबिटऐवजी १०० मेगाबिटवर येऊन बसतं. अशा वेळी नव्या ड्रायव्हरने वीज वाचवण्याची सेटिंग्ज परत मूळ जागी नेलेली असू शकतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीजमधल्या अॅडव्हान्स्ड टॅबमध्ये 'एनर्जी एफिशियंट इथरनेट' आणि 'ग्रीन इथरनेट' बंद करून बघा. पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू देणारी खूणही काढा. माझ्या डेस्कटॉपवर एकदा एवढंच पुरलं होतं.

सेटिंगच्या दुखण्यावर सगळे जण 'नेटवर्क रीसेट' सुचवतात. २०१६ पासून विंडोज १० मध्ये हे बटण आहे, आणि ज्याने संगणकात हातानं काहीच बदललेलं नाही त्याच्यासाठी ते उत्तम. पण तुम्ही स्थिर आयपी दिला असेल, व्हीपीएन बसवलं असेल, व्हर्च्युअल मशीनसाठी (संगणकात चालणाऱ्या आभासी संगणकासाठी) वेगळे स्विच बनवले असतील, तर हे बटण सगळं झाडून टाकतं. आजारापेक्षा औषध जालीम. मार्च २०१८ मध्ये विंडोज ७ च्या मासिक अपडेटनंतर काही संगणकांवर स्थिर आयपीची सेटिंग्ज उडाली होती, आणि काही व्हर्च्युअल मशीनमध्ये जुन्या नेटवर्क कार्डाच्या जागी कोरी सेटिंग्ज असलेलं नवंच कार्ड उगवलं होतं. असं झाल्याची शंका असेल तर डिव्हाइस मॅनेजरच्या व्ह्यू मेन्यूत 'शो हिडन डिव्हायसेस' करून बघा. जुनं कार्ड तिथे फिकट अक्षरांत दिसलं, तर गोंधळ कशाचा आहे ते कळतं, आणि रीसेट न करता नव्या कार्डाला जुना पत्ता देऊन भागतं.

आता मुख्य सामना, म्हणजे ड्रायव्हरचा.

पहिली वाट रोलबॅकची, म्हणजे आधीच्या ड्रायव्हरवर परत जाण्याची. ड्रायव्हर टॅबमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर', दोन क्लिक, आणि बऱ्याचदा मिनिटभरात नेट परत. काही डाउनलोड करायला लागत नाही, आणि नेटच बंद असलेल्या माणसाला याचं मोल वेगळं सांगायला नको. बटण फिकट असेल तर 'अपडेट ड्रायव्हर'मधून संगणकातल्याच ड्रायव्हरची यादी मागवायची. तिथे बहुधा एखादी जुनी आवृत्ती सापडते. मोठ्या आवृत्ती-बदलानंतर मात्र हे बटण अनेकदा फिकटच मिळतं, कारण जुनं सगळं बाजूला ठेवून विंडोज नव्याने मांडलेलं असतं.

रोलबॅक मला मनापासून आवडला असता. पण तो टिकत नाही, आणि माझ्यासाठी निकाल इथेच लागला.

विंडोजला तुम्ही मागे का गेलात याच्याशी देणंघेणं नाही. त्याला एवढंच दिसतं की या कार्डासाठी आपल्याकडे अधिक नवा ड्रायव्हर आहे आणि इथे जुना बसलाय. मग पुढच्या कुठल्यातरी अपडेटबरोबर तो पुन्हा येतो. येताना सांगत नाही, विचारत नाही. आपण रात्री काम टाकून झोपतो, सकाळी बघतो तर पहिले पाढे पंचावन्न. माझ्या डेस्कटॉपवर हे झालं तेव्हा रागही यायचा बंद झाला होता. फक्त दर अपडेटनंतर हात आपोआप डिव्हाइस मॅनेजरकडे जायचा. बिघाड एकदाच होऊन मिटला तर माणूस विसरतो. अधूनमधून परत येणारा बिघाड त्या यंत्रावरचा विश्वासच घालवतो. महत्त्वाच्या मीटिंगच्या आधी मी अपडेट लांबणीवर टाकायला लागलो, आणि ते एका लॅन कार्डापायी.

हे रोखता येत नाही असं नाही. विंडोजच्या प्रो आवृत्तीत ग्रुप पॉलिसी नावाच्या नियमांच्या यादीतून 'विंडोज अपडेटबरोबर ड्रायव्हर आणू नकोस' असं सांगता येतं. होम आवृत्तीत ग्रुप पॉलिसी नाही, तिथे रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यात, तीच नोंद हाताने करावी लागते. पण मग ग्राफिक्स, ध्वनी, ब्लूटूथ या सगळ्यांचेच ड्रायव्हर अपडेटमधून यायचे थांबतात. ठरावीक अपडेट लपवण्यासाठी मायक्रोसॉफ्टचं 'शो ऑर हाइड अपडेट्स' नावाचं छोटं साधन होतं. ते नेमकं होतं, पण त्याच ड्रायव्हरची पुढची आवृत्ती आली की ती वेगळी गणली जायची. अपडेट थांबवून ठेवणं हा तर उपायच नाही, ते बटण ठरावीक मुदतीपुरतंच काम करतं. ज्यांना असली राखण करायची सवय आहे त्यांना रोलबॅक चालेल. मला ती नको होती.

संपूर्ण अपडेटच काढून टाकणं याबद्दल थोडक्यात. मोठ्या आवृत्ती-बदलानंतर मागे जायला साधारण १० दिवस मिळतात. मासिक अपडेट एकत्र बांधलेले असतात, त्यातला तुम्हाला नडणारा तेवढाच तुकडा काढता येत नाही, सुरक्षेच्या दुरुस्त्याही सोबत जातात. दुसऱ्या दिवशी काही सादर करायचं आहे आणि आत्ता, या क्षणी नेट हवंय, एवढ्याच परिस्थितीत मी हे करेन.

दुसरी वाट उलट्या दिशेची: मागे न जाता, विंडोजने आणलेल्या ड्रायव्हरपेक्षाही नवा ड्रायव्हर मिळवायचा. यात सुरुवातीला खटपट जास्त आहे, हे मान्य. आधी चिप कोणाची ते शोधा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिटेल्स टॅबवर 'हार्डवेअर आयडीज' निवडलं की एक लांबलचक ओळ दिसते. तिच्यात वेंडरचा, म्हणजे चिप बनवणाऱ्याचा, क्रमांक ८०८६ असेल तर इंटेल, १०ईसी असेल तर रिअलटेक. घरगुती संगणकांत बहुतेकदा या दोघांपैकीच एक निघतो. ड्रायव्हरचं नाव गायब असलं तरी हा क्रमांक सहसा दिसतो, म्हणून नावापेक्षा याच्यावर विसंबावं.

मग चिप बनवणाऱ्याच्या साइटवर जा. लोक मदरबोर्ड बनवणाऱ्याच्या साइटवर जातात आणि तिथे बोर्ड बाजारात आला तेव्हाचा ड्रायव्हर मिळतो. तो टाकला की आपण नकळत पुन्हा मागेच जातो. ड्रायव्हर उतरवायला नेट नाही ही अडचण वाटते तेवढी मोठी नाही. अँड्रॉइड फोन केबलने जोडून 'यूएसबी टेदरिंग' चालू केलं की विंडोज त्या फोनलाच नेटवर्क कार्ड समजतो, वेगळं काही बसवावं लागत नाही.

हा ड्रायव्हर टिकतो याचं कारण साधं आहे. एकाच कार्डासाठी डिजिटल सही असलेले दोन ड्रायव्हर असतील आणि दोघांचीही कार्डाच्या ओळखीशी सारखीच जुळणी असेल, तर विंडोज नव्या तारखेचा निवडतो. जी सवय रोलबॅकच्या वेळी आपल्याला नडते, तीच इथे आपल्या बाजूने काम करते. यात एक खोच आहे. तारखेआधी ओळख किती नेमकी जुळते ते पाहिलं जातं. लॅपटॉप कंपन्या कधीकधी स्वतःच्या मॉडेलपुरता नेमका ड्रायव्हर देतात, आणि तो तारखेने जुना असूनही चिपवाल्याच्या सर्वसाधारण ड्रायव्हरला मागे टाकतो. माझ्या लॅपटॉपवर चिपवाल्याचा ड्रायव्हर बसायलाच तयार नव्हता, त्याचं कारण मला वाटतं हेच. म्हणून लॅपटॉप असेल तर आधी लॅपटॉपवाल्याचं पान बघा, डेस्कटॉपला थेट चिपवाल्याचं. डेस्कटॉपवर हा उपाय केल्यापासून मी अपडेट लांबणीवर टाकणं सोडलंय. ही काही मोजणी नव्हे, पण माझ्यापुरता पुरावा पुरेसा आहे.

उणीव एवढीच की नवा ड्रायव्हर टाकल्यावर वीज बचतीची ती सेटिंग्ज पुन्हा तपासावी लागतात. आणि चिप फार जुनी असेल, तिला नवे ड्रायव्हर येणंच थांबलं असेल, तर ही वाट मुळातच बंद.

तिसरी वाट, यूएसबी अडॅप्टर, म्हणजे यूएसबी पोर्टात लावून नेटची केबल जोडायचं छोटं उपकरण. याच्या बाजूने बोलणारे चुकीचे नाहीत. लावला की चालला, मदरबोर्डवरच्या चिपचा संबंधच संपला. शिवाय निदानासाठी याच्यासारखं साधन नाही: त्याच केबलवर अडॅप्टरने नेट आलं तर केबल, राउटर आणि विंडोजचं नेटवर्क तिन्ही निर्दोष, दोष मूळ पोर्टचा किंवा त्याच्या ड्रायव्हरचा. कोणाकडून तासाभरासाठी उसना मिळाला तरी आणा.

कायमचा म्हणून मात्र तो मला तितकासा रुचला नाही. त्याचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक, वेगळा असतो. राउटरमध्ये संगणकाचा आयपी पक्का करून ठेवला असेल तर ते पुन्हा करा. एखादं सॉफ्टवेअर परवान्यासाठी मॅक पत्ता धरून बसलं असेल तर त्याच्या कंपनीशी बोला. बंद संगणक नेटवर्कवरून चालू करायची सोय बहुधा जाते. यूएसबी २.० च्या पोर्टात लावला तर वरची मर्यादा ४८० मेगाबिटची, म्हणजे गिगाबिट अडॅप्टर घेऊन निम्माही वेग नाही. संगणक झोपेतून उठल्यावर अडॅप्टरला जाग येत नाही, हा प्रकार मी लॅपटॉपवर पाहिलाय. काढून पुन्हा लावला की चालतो, पण मग तेही एक कामच झालं. आणि अडॅप्टरच्या आतही चिप असते, तिलाही ड्रायव्हर असतो. तो अपडेटने कधीच बिघडणार नाही याची हमी कोण देणार?

लिनक्सवाल्यांचं गणित उलटं आहे. तिथे कर्नलच्या अपडेटनंतर लॅन गेलं तर सुरुवातीच्या मेन्यूतून जुना कर्नल निवडून लगेच खात्री करता येते. रिअलटेकच्या बऱ्याच गिगाबिट चिपसाठी कर्नलमध्ये आर८१६९ हा ड्रायव्हर असतोच. बाहेरून आणलेला आर८१६८ बसवला असेल तर प्रत्येक नव्या कर्नलसाठी तो पुन्हा बांधला जावा लागतो, आणि ते फसलं की नेट जातं. तिथे मी कर्नलमधल्याच ड्रायव्हरला आधी संधी देईन. कार्ड दिसतंय पण जोडणी होत नाही, असं असेल तर कार्डाचं नाव बदललंय का तेही बघा, जुन्या नावावर लिहिलेली सेटिंग्ज नव्या नावाला लागू होत नाहीत.

विंडोजवर असाल आणि चिप फार जुनी नसेल, तर एक संध्याकाळ बाजूला काढून नवा ड्रायव्हर शोधा, असं मी सुचवेन. आत्ता घाई असेल तर रोलबॅक करून काम भागवा आणि नवा ड्रायव्हर सवडीने टाका. तोही बसला नाही, तर अडॅप्टरवर पैसे घालण्याआधी लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे संगणकात काही न बसवता थेट पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्सवर, संगणक सुरू करून बघा. तिथे वायरचं नेट चाललं, तर पोर्ट शाबूत आहे आणि ड्रायव्हरच्या मागे लागण्यात अर्थ आहे. तिथेही पोर्टचा मागमूस नसेल, तर बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) लॅन बंद झालंय का ते एकदा पाहा. चालू असूनही दिसत नसेल तर पोर्टच गेलाय, मग सरळ यूएसबी ३.० चा अडॅप्टर घ्या.