ओसेल्टामिविर ७५, पाच दिवसांचा कोर्स करून लिहितेय
फ्लूची टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि डॉक्टरांनी हे लिहून दिलं, ७५ मिलिग्रॅमची कॅप्सूल सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस, म्हणजे एकूण १०. ताप चढल्याच्या दुसऱ्याच दिवशी सुरू केली ते बरं झालं कारण ४८ तासांच्या आत घेतली तर सगळ्यात जास्त फायदा. पहिले दोन डोस उपाशीपोटी घेतले तर मळमळ आणि एक उलटी, मग खाऊन घ्यायला लागले आणि त्रास थांबला. जादू नाही हां, आजारपण साधारण एका दिवसाने कमी होतं, पण अंग ठणकत असताना तो एक दिवसही खूप वाटतो.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला तसं घरचे म्हणाले उरलेल्या ठेव, पुढच्या वेळी होतील. मी नाही ठेवल्या. चार कॅप्सूलमध्ये पुढच्या वेळचा कोर्स होत नाही, आणि अर्धवट डोसमध्ये औषधाला न जुमानणारा विषाणू तेवढा टिकून राहायची भीती असते.

या रेझिस्टन्सचं, म्हणजे विषाणूने औषधाला न जुमानण्याचं, मला खरंच टेन्शन येतं. हे औषध विषाणूच्या न्युरामिनिडेज एन्झाइमला अडवतं, त्यामुळे नवे विषाणू पेशीला चिकटूनच राहतात, सुटून पुढे जात नाहीत. पण त्या एन्झाइममध्ये २७५ व्या जागी हिस्टिडीन या अमिनो आम्लाऐवजी टायरोसिन हे दुसरं आलं की औषध नीट बसतच नाही. २००७-०८ ला दरवर्षी येणाऱ्या (सीझनल) एच१एन१ फ्लूच्या विषाणूत हेच झालं, नॉर्वेत साधारण दोन तृतीयांश नमुने रेझिस्टंट निघाले आणि तिथे हे औषध फारसं कोणी घेतही नव्हतं! उलट जपानमध्ये भरपूर वापर, तरी त्या सीझनला तिथे प्रमाण अगदी कमी. म्हणजे दोष फक्त जास्त गोळ्या खाणाऱ्यांचा नाही, विषाणूत सोबत असे बदल झाले होते की औषध नसतानाही तो जोमाने पसरला आणि पुढच्या सीझनला बहुतेक सगळीकडे तोच. मग २००९ च्या पँडेमिकचा नवा एच१एन१ आला, त्याने जुन्याला हटवलं आणि त्याच्यावर हे औषध चालत होतं, म्हणून आज आपल्याला उपयोग होतोय. अमँटाडीन हे फ्लूचं जुनं औषध मात्र रेझिस्टन्समुळे गेलं ते गेलंच, आता फ्लूला देतच नाहीत.

५ पैकी ४ स्टार, एक मळमळीचा कापला. लहान मुलं किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कोणी घरात असेल आणि कोर्स चालू असूनही ताप हटत नसेल तर लगेच डॉक्टरांना सांगा, अशा पेशंटमध्ये उपचार चालू असतानाच रेझिस्टन्स येऊ शकतो, आणि २७५ वाल्या बदलावर श्वासातून ओढून घ्यायचं झानामिविर हे दुसरं औषध बहुतेक वेळा चालतं (दमा असेल तर ते नको).