सेट-टॉप बॉक्स की गच्चीवरची अँटेना? दोन्ही वापरून आलेला अनुभव

केबल डिजिटल करण्याची सरकारने दिलेली ३१ मार्च २०१३ ची मुदत आली आणि पुण्यातल्या इतर घरांप्रमाणे आमच्याकडेही केबलवाल्याने सेट-टॉप बॉक्स बसवला. हॉलमधला एलसीडी त्यावर चालतो. आतल्या खोलीतला पिक्चर ट्यूबचा टीव्ही मात्र मी मुद्दाम गच्चीवरच्या अँटेनावरच ठेवला, कारण सिंहगडाच्या टॉवरवरून दूरदर्शन तेव्हा जुन्या ॲनालॉग पद्धतीने तसंही फुकट यायचं. त्यामुळे संध्याकाळी सातच्या मराठी बातम्या दोन्हीकडे एकदम लावून बघता यायच्या. बॉक्स आतल्या टीव्हीलाही जोडून पाहिला, नाहीतर पडद्यातला फरक प्रक्षेपणाच्या खात्यावर जमा झाला असता.

पहिल्या नजरेत बॉक्स जिंकतो. मुंग्या नाहीत, समोरच्या इमारतीवर आपटून येणाऱ्या सिग्नलची दुहेरी सावली नाही, खालच्या पट्टीतली अक्षरं स्वच्छ. निवेदिकेच्या साडीचा लाल काठ अँटेनावर कडेने पसरायचा, बॉक्सवर जागच्या जागी राहायचा. स्थिर चित्राला डिजिटलच चांगलं, यात मला शंका नाही.

पण चित्र हललं की गोष्ट बदलते. अनंत चतुर्दशीच्या बातम्यांत विसर्जन मिरवणूक दाखवत होते. गुलाल उधळला, ढोलपथक पुढे सरकलं आणि बॉक्सवर त्या गुलालाचे चौकोन झाले. मागच्या गर्दीतले चेहरे लापशीसारखे एकजीव! आतल्या टीव्हीवर थोडी खरखर होती, पण गुलाल गुलालासारखा उडत होता. क्रिकेटमध्येही तेच: कॅमेरा चेंडूमागे धावला की गवत सपाट हिरवं होतं, थांबला की पाती परत येतात.

हा दोष डिजिटलचा नाही, कंजुषीचा आहे. आपल्या जुन्या पाल या ॲनालॉग प्रक्षेपण पद्धतीत चित्राच्या आडव्या ६२५ रेषा, त्यातल्या ५७६ प्रत्यक्ष दिसणाऱ्या. साध्या डिजिटल चॅनलमध्येही त्या ५७६ च असतात. एका ॲनालॉग चॅनलच्या जागेत दहाच्या वर डिजिटल चॅनल बसतात, म्हणून प्रत्येकाचा डेटा दाबला जातो. स्थिर चित्रात प्रत्येक फ्रेमला नवीन माहिती थोडीच लागते, त्यामुळे ते निभावतं. गुलाल, पाऊस, गवत यांना ती भरपूर लागते आणि तिथेच ती कापली जाते. ग्राहकाला चॅनलचा आकडा मोजून दाखवतात, प्रत्येकाला किती डेटा दिला ते कोणी सांगत नाही. याचा मला खरोखर राग येतो.

पावसाळ्यात आणखी एक फरक दिसला. वाऱ्याने अँटेना हलली की चित्र खराब व्हायचं, पण बातमी कळायची, आवाज तर जवळपास शाबूत. बॉक्सचा सिग्नल मर्यादेखाली गेला की चित्र गोठतं, आवाज तुटतो, मग सगळंच काळं. चॅनल बदलताना थांबावं लागतं ते वेगळंच. बॉक्सवरची बातमी अँटेनापेक्षा काही सेकंद उशिराही यायची.

नवीन बॉक्स घेणाऱ्यांनी सेटिंगमध्ये ४:३ आणि १६:९ हे चित्राच्या रुंदी-उंचीचं प्रमाण तपासा, नाहीतर माणसं आडवी फुगलेली दिसतात. एचडीएमआय (बॉक्स टीव्हीला जोडणारी डिजिटल केबल) असेल तर जुन्या वायरची पिवळी पिन वापरू नका.  अँटेनावरचं प्रक्षेपण चालू होतं तोवर दूरदर्शन मी आतच बघायचो.