लूप हॅबिट ट्रॅकर: दिवाळी ते गणपती वापरल्यानंतरचा अनुभव

रत्नागिरी जिल्ह्यातल्या पावस गावाजवळच्या एका आंबा कॅनिंग कारखान्यात मी हिशेबाचं काम बघते. गेल्या दिवाळी पाडव्याला लूप हॅबिट ट्रॅकर हे रोजच्या सवयींच्या खुणा ठेवणारं ॲप फोनवर घेतलं आणि आता गौरी-गणपती उरकल्यावर लिहायला बसलेय. म्हणजे मधे थंडी गेली, शिमगा गेला, आंब्याचा सीझन गेला आणि अख्खा पावसाळा गेला. आमच्याकडे एखादी सवय मुरली की नाही, हे या सगळ्यातून गेल्याशिवाय सांगता येत नाही. डिसेंबर-जानेवारीत कुणाचंही काहीही छान चालतं.

मला दोन गोष्टी साधायच्या होत्या. नुसती व्हाउचरं चढवण्यापलीकडे जाऊन जीएसटीचं काम स्वतःच्या जबाबदारीवर घ्यायचं होतं आणि दिवसभर खुर्चीत बसून धरलेली कंबर मोकळी करायची होती. म्हणून ॲपमध्ये तीनच सवयी टाकल्या: जीएसटीचं एक उदाहरण सोडवणं, चालणं आणि रात्री घरखर्च लिहिणं. पंधरा-वीस सवयींची यादी करणारे बघितलेत. त्यांचा सगळा वेळ खुणा करण्यातच जातो.

ॲप फुकट आहे, जाहिराती नाहीत, खातं उघडावं लागत नाही आणि इंटरनेटशिवाय चालतं. शेवटचा मुद्दा शहरातल्यांना किरकोळ वाटेल. आमच्या वाडीत जुलैत वारा सुटला की आधी लाइट जाते, मग टॉवर. फोनमध्ये चार्जिंग असेल तोवर खूण मात्र करता येते.

मला ते आवडलं ते मात्र गुणांच्या हिशेबामुळे. याआधी वापरलेल्या एका ॲपमध्ये एक दिवस चुकला की साखळी शून्यावर यायची आणि मग पुन्हा उघडायची इच्छाच होत नसे. लूपमध्ये प्रत्येक सवयीला टक्क्यांत गुण मिळतात. रोजची सवय महिनाभर न चुकता केली तर साधारण ८० टक्के होतात, दोन महिन्यांनी ९६. खाडा झाला तर गुण उतरतात, पण हळूहळू. ९६ वर असताना एक दिवस गेला तर ९१ वर येतात. निम्मे व्हायला सलग १३ दिवस काहीच न करता घालवावे लागतात. म्हणजे मागची मेहनत एका दिवसात पुसली जात नाही. रोज आकडेमोड करणारी बाई म्हणून सांगते, हा हिशेब मला न्याय्य वाटला.

त्याला आधारही आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना १२ आठवडे एकेक नवी सवय लावायला सांगितली होती. तो अभ्यास २०१० मध्ये छापून आला. सवय अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस लागले, तर कुणाला २५४ लागतील असा आलेखावरून अंदाज निघाला. मधला आकडा ६६. पाणी पिण्यासारखी साधी सवय लवकर बसली, व्यायामाची उशिरा. एखादा दिवस चुकल्याने विशेष फरक पडला नाही, हेही त्यात दिसलं. त्यामुळे ‘२१ दिवसांत आयुष्य बदला’ म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. एकविसाव्या दिवशी काहीच बदललेलं नसतं आणि माणूस उगाच खचतो.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मी जशीच्या तशी उचलली: नवी सवय रोजच्या एखाद्या कामाला बांधायची, घड्याळाला नाही. सकाळी सहाला अभ्यास, असं ठरवून आमच्या घरात जमत नाही. कधी पाणी उशिरा येतं, कधी माडावरचे नारळ पाडायला माणूस सकाळीच दारात उभा. पण चहाचं आधण रोज ठेवलं जातं. म्हणून आधण ठेवलं की ओट्यावरच वही उघडायची. काल रात्री उतरवून ठेवलेलं उदाहरण समोर असतं, चहा उकळेपर्यंत ते अर्धं होतं, पिता पिता पुरं होतं. ॲपमध्ये प्रत्येक सवयीला आपल्या शब्दांत प्रश्न लिहिता येतो, आठवणीच्या वेळी तोच फोनवर दिसतो. मी लिहिलंय, ‘चहाबरोबर उदाहरण झालं का?’ हल्ली फोनच्या आधी सासूबाईच विचारतात, ‘अगो, वही कुठाय तुझी?’ त्या स्वतः इतकी वर्षं कालनिर्णयवर दुधाचे खाडे मांडत आल्यात. मी काय करतेय ते त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

खरी कसोटी एप्रिल-मेमध्ये. कारखान्यात आंब्याच्या गाड्या रात्रीपर्यंत येतात, वजनं, पट्ट्या, मजुरीचा हिशेब. घरी येऊन हातपाय धुतले की डोळे मिटतात. शिमग्यानंतरच मी तिन्ही सवयींचं सीझनचं माप ठरवून टाकलं होतं. पूर्ण उदाहरणाऐवजी एकच नोंद: ही खरेदी करपात्र की करमुक्त? ताजा हापूस करमुक्त, पण त्याचाच रस डब्यात बंद झाला की कर लागतो. कारखान्यातल्या कागदांवर असे प्रश्न रोजच हाताखालून जात होते, त्यामुळे ते दोन महिने उलट सगळ्यात जास्त शिकवून गेले. खर्च सविस्तर न लिहिता फक्त दिवसाची बेरीज. चालणं रोजचं बदलून आठवड्यातून तीनदा केलं. तशी सोय ॲपमध्ये आहे आणि तीन खुणा झाल्या की बाकीचे दिवस फिकट खुणेने आपोआप भरतात.

पावसात चालण्याचं काय करायचं, हा प्रश्न निराळा. वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो तिथे सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, फिरायला जाणं जुलैत शक्यच नाही. कातळ शेवाळाने निसरडा होतो. मी पडवीत सूर्यनमस्कार घातले आणि तीच खूण केली. काहींना ही पळवाट वाटेल, मला नाही वाटत. कंबर मोकळी व्हायला हवी होती, ती झाली. गणपतीत पाहुण्यांनी घर भरलेलं असताना मात्र सरळ सुट्टी. सेटिंगमध्ये सुट्टीच्या दिवसाची सोय चालू केली की त्या दिवसाचे गुण कापले जात नाहीत. ती जपून वापरावी. मी फक्त सणाला आणि आजारपणात वापरते.

काय मिळत नाही, तेही सांगते. काम झालं की नाही, फार तर किती झालं, एवढंच ॲपला कळतं, कसं झालं ते कळत नाही. अर्धवट मनाने सोडवलेल्या उदाहरणालाही तीच खूण मिळते. म्हणून दर रविवारी आठवड्याची वही पुन्हा बघते आणि चुकलेलं लाल शाईने परत सोडवते. अभ्यास पक्का झाला तो या रविवारांमुळे. दुसरं, माहिती फक्त तुमच्या फोनमध्ये राहते. अधूनमधून बॅकअपची फाइल काढून दुसरीकडे ठेवावी. मी फोन बदलला तेव्हा ती फाइल नव्या फोनवर उघडली आणि दिवाळीपासूनच्या सगळ्या खुणा परत आल्या.

ऑगस्टपासून कारखान्याचं ३बी, म्हणजे जीएसटीचं दर महिन्याचं विवरणपत्र, मी भरते. २० तारखेच्या आत ते गेलं पाहिजे आणि साहेब आता फक्त शेवटची नजर टाकतात. पगार वाढलेला नाही, मार्चनंतर बोलू म्हणालेत. घरखर्चाच्या नोंदीमुळे एक भिशी बंद करून ते पैसे पोस्टात आवर्ती ठेवीत वळवले.

ॲप अँड्रॉइडवर आहे. आयफोनवाल्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर आणि लाल पेन घ्यावं, फक्त ते चहाच्या डब्याजवळ टांगावं, बैठकीत नको. आणि बागायतदार, मच्छीमार, होमस्टेवाले, ज्यांचा धंदा हंगामाचा आहे, त्यांनी सीझन सुरू व्हायच्या आधीच आपलं सीझनचं माप लिहून ठेवावं. ऐन गर्दीत ते ठरवायला डोकं जागेवर नसतं.