वर्षश्राद्धासाठी घरी आलेल्या पुरोहित ताई, कर्वेनगर पुणे – आमचा अनुभव

श्राद्धासाठी कोणाला बोलवावं असा प्रश्न पुण्यात ज्यांना पडतो त्यांच्यासाठी लिहितेय, जरा लांबेल. ताईंचं नाव नंबर इथे टाकत नाही, त्यांना न विचारता बरं दिसत नाही, पण त्या ज्ञानप्रबोधिनीत पौरोहित्य शिकलेल्या आहेत आणि पुण्यात अशा बायका आता बऱ्याच आहेत. शंकरराव थत्त्यांनी उद्यान प्रसाद कार्यालयात बायकांना पौरोहित्य शिकवायला सुरुवात केली ती सत्तरच्या दशकात, म्हणजे हे काही कालपरवाचं फॅड नाहीये, हे आधी आमच्या आत्याला सांगावं लागलं.

बाबांचं पहिलं वर्षश्राद्ध होतं. आईचा ठाम विश्वास की बाबा आहेत, दिवा लावताना ती त्यांच्याशी बोलते, दिवसभरात काय झालं ते सांगते. भाऊ आयसीयूत डॉक्टर, त्याचं म्हणणं मेंदू थांबला की माणूस संपला. दहाव्याला घाटावर जे गुरुजी मिळाले त्यांनी शेजारच्या कुटुंबाचं आणि आमचं एकदमच उरकलं, अर्थ विचारला तर सांगतो तेवढं करा म्हणाले, आणि कावळा शिवेना तर पाचएक मिनिटांत दर्भाचा कावळा लावून मोकळे. दर्भाचा कावळा चालतो हे मला माहितीये, पण आई तिथे उभी होती, तिच्या लेखी तो कावळा म्हणजे बाबांचं शेवटचं उत्तर होतं, तिला थोडं थांबू द्यायला हवं होतं. ते तिच्या मनातून अजून गेलेलं नाही.

म्हणून यावेळी फोनवरच सगळं विचारलं. ताईंनी पिंडदान हवं का नुसतं तर्पण, घरात कोणाला काय पटतं, आई बसू शकतील का, मुलीला बसायचंय का, असं नीट विचारून घेतलं. साहित्याची यादी पाठवली, दर्भ, काळे तीळ, सातू वगैरे, ते मंडईजवळ एका दुकानात सगळं मिळालं. दक्षिणाही आधीच सांगितली, नंतर घासाघीस नको. मी आणि भाऊ दोघंही बसलो. प्रत्येक विधीआधी त्या थांबून मराठीत अर्थ सांगायच्या आणि मगच मंत्र.

आणि हा अर्थ ऐकणं म्हणजेच खरं श्राद्ध झालं माझ्यासाठी. वडील वसुरूप, आजोबा रुद्ररूप, पणजोबा आदित्यरूप हे दरवेळी कानावरून जायचं, पण त्याच्या पलीकडच्या पिढीला स्वतंत्र पिंड नसतो, त्यांचा वाटा पिंड करताना हाताला लागून राहिलेल्या लेपाचा, हे पहिल्यांदा कळलं. म्हणजे गेलेला माणूस नावानिशी आपल्यासोबत राहतो तो तीन पिढ्या, मग तो पितरांच्या मोठ्या समुदायात मिसळतो. आईने लगेच विचारलं की मग मी गेल्यावर हे मला ओळखतील ना. ताई घाईने हो म्हणाल्या नाहीत, तुमचं नाव घेऊन देणारे आहेत तोवर तुम्ही दोघं एकाच ठिकाणी आहात असं ही परंपरा मानते, असं म्हणाल्या. आईला ते पुरलं.

भावाने मात्र सरळ विचारलं, हे खरंच पोचतं का? मला वाटलं आता वाद होणार. ताईंनी सांगितलं की हा प्रश्न नास्तिकांचाच आहे असं समजू नका, परलोक न मानणाऱ्या चार्वाकांनी श्राद्धाची टर उडवलीच, पण कठोपनिषदात नचिकेता प्रत्यक्ष यमाकडे तिसरा वर हाच मागतो, मेल्यावर माणूस असतो म्हणणारे काही आहेत, नसतो म्हणणारे काही आहेत, मला खरं काय ते सांग. आणि यम म्हणतो दुसरं काहीही माग, देवांनाही याबद्दल शंका होती. बृहदारण्यक उपनिषदात तर याज्ञवल्क्य ऋषी बायकोला, मैत्रेयीला, सांगतात की मेल्यावर जाणीव उरत नाही, मैत्रेयी म्हणते तुम्ही मला गोंधळात टाकलंत, मग ते समजावतात की आत्मा नाश पावत नाही पण मी वेगळा तू वेगळी हा भेद राहत नाही, पाण्यात मिठाचा खडा विरघळतो तसं. भाऊ गप्प झाला, पटलं म्हणून नाही, आपली शंका या घरात परकी नाहीये हे कळलं म्हणून. त्यानंतरचं तर्पण त्याने मनापासून केलं, मी शेजारीच होते.

मला स्वतःला याज्ञवल्क्यांचं उत्तर पुरत नाही. मला बाबा बाबा म्हणूनच हवेत, त्यांच्या खोकल्यासकट, आणि मला वाटतं ते कुठेतरी तसेच आहेत. पुरावा माझ्याकडे नाही.

पुराव्यावरून जेवताना बोलणं निघालंच (अळूचं फदफदं, वडे, खीर, आमसुलाची चटणी, ताई आमच्याबरोबर जेवल्या). भावानेच सांगितलं की २००१ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात हॉलंडच्या दहा हॉस्पिटलांतला पिम व्हॅन लोमेल यांचा अभ्यास आला होता, हृदय बंद पडून वाचवलेले ३४४ पेशंट, त्यातल्या ६२ जणांना, म्हणजे १८ टक्क्यांना, त्या वेळचं काहीतरी आठवत होतं. पण ती माणसं परत आलेली आहेत, त्यामुळे मेल्यानंतरचं त्यातून सिद्ध होत नाही, असं तो म्हणाला आणि ते बरोबरच आहे. काकांनी नागपूरच्या उत्तरा हुद्दारांची केस काढली, १९७४ पासून त्या मधूनमधून शारदा नावाची बंगाली बाई होऊन बंगालीत बोलायच्या, पुनर्जन्माच्या केसेसचा अभ्यास करणारे इयान स्टीव्हन्सन आणि सतवंत पसरिचा यांनी ती तपासली. उत्तराबाईंनी आधी थोडं बंगाली शिकलेलं होतं हा आक्षेपही काकांनीच सांगितला. बाबा गेल्यापासून आमच्या घरात या विषयावर एक तर रडणं व्हायचं नाहीतर भांडण, या दिवशी पहिल्यांदा सगळे नीट बोललो, आणि आई मधेच बाबांचे किस्से सांगत होती.

आता कामाचं. विधी दोन तासांच्या आत झाला, ताई वेळेवर आल्या, मंत्र स्वच्छ. सगळं शास्त्रोक्त जुन्याच पद्धतीने आणि पुरुष गुरुजींकडूनच हवं असेल तर ही सेवा तुमच्यासाठी नाही, तसं आधीच ठरवा. पण घरात मानणारे न मानणारे दोन्ही असतील तर यांनाच बोलवा असं मी म्हणेन. पितृपक्षात तारीख मिळणं अवघड जातं, तिथी बघून महिनाभर आधी फोन करा, आणि घरातल्या कोणाला शंका असेल तर तेही तेव्हाच सांगून ठेवा, त्या त्याप्रमाणे वेळ ठेवतात.