उताराचा प्लॉट: सपाट करून बांधायचं की उतार ठेवून?

उताराच्या प्लॉटवर घर बांधताना खर्चाचं गणित नंतर करा, आधी हद्दीपासून चारही बाजूंनी किती मार्जिन सोडायचंय ते कागदावर काढा, कारण बऱ्याचदा सपाटीकरण जमणार की नाही ते तिथेच कळतं.

आणि मार्जिन आडवं मोजतात, उतारावरून नाही. दोन मीटर पुढे गेलं की एक मीटर खाली असा उतार असेल आणि टेप जमिनीवर टाकून ३ मीटर मोजले तर खरं अंतर २.६८ मीटरच भरतं, म्हणजे ३२ सेंटिमीटरने घर हद्दीकडे सरकलं. टेप लेव्हलमध्ये आडवा ताणायचा, टोकाला ओळंबा सोडायचा, उतार फार असेल तर तुकड्यातुकड्यात मोजायचं. छज्जा, बाल्कनी, बाहेरचा जिना मार्जिनमध्ये चालतो का तेही आधीच विचारून घ्या.

आता सपाट करणं, म्हणजे वरच्या बाजूची माती कापायची आणि खालच्या बाजूला भराव घालायचा. घर एका लेव्हलवर येतं, प्लॅन साधा होतो, घरात वयस्कर माणसं असतील तर हे सुख फार मोठं आहे. पण कापलं की रिटेनिंग वॉल, म्हणजे माती अडवणारी भिंत आली आणि ती येते नेमकी मार्जिनमध्ये, शिवाय बऱ्याच ठिकाणी साधारण १.२ मीटरच्या वर भिंत गेली की वेगळी परवानगी आणि इंजिनिअरचं डिझाइन लागतं. भिंतीची उंची दुप्पट केली तर मातीचा रेटा चौपट होतो आणि भिंत उलथवणारा जोर आठपट, म्हणून एका उंच भिंतीपेक्षा दोन बुटक्या बऱ्या. पण त्या दोघींमध्ये चांगलं अंतर लागतं, नाहीतर वरचीचा भार खालचीवर येतो, आणि अरुंद प्लॉटवर ते अंतर आणायचं कुठून? हद्दीला चिकटून खोल कापलं तर शेजारच्या जमिनीचा आधारच जातो, त्यामुळे ते मी तरी कोणालाच सुचवणार नाही.

भरावाचं दुखणं वेगळंच. अर्धं घर घट्ट जमिनीवर, अर्धं भरावावर असेल तर भराव हळूहळू बसतो आणि दोन्हींच्या जोडावर भिंतीला तडा जातो. पातळ थरांत नीट धुम्मस केली तरी फुटिंग, म्हणजे पायाचा तळाचा रुंद भाग, भरावातून खाली मूळ जमिनीपर्यंत न्यायलाच हवं.

उतार ठेवून पायऱ्यापायऱ्यांचा पाया घेतला तर खोदाई कमी, भराव जवळजवळ नाही आणि माती अडवायचं काम घराचीच मागची भिंत करते, म्हणजे मार्जिन मोकळं राहतं. त्या भिंतीला बाहेरून वॉटरप्रूफिंग आणि मागे पाणी काढून द्यायला खडी-पाइप मात्र हवाच, इथे पैसे वाचवले की खोलीत कायमची ओल. घरात जिने येतात हा खरा तोटा. उंचीची मर्यादा कुठल्या लेव्हलपासून धरतात तेही बघा, सगळ्यात खालच्या बिंदूपासून धरत असतील तर वरचा मजला अडचणीत येतो.

खांबांवर घर हा तिसरा मार्ग खूप तीव्र उतारालाच. वरच्या बाजूचे खांब आखूड असतात, निम्म्या लांबीचा खांब साधारण आठपट ताठ असतो, त्यामुळे भूकंपात मोठा जोर त्याच्यावरच जातो. हे डिझाइन नुसत्या अनुभवी ठेकेदारावर सोडू नका.

हद्दीशिवाय उतारापासूनही अंतर सोडावं लागतं, हे बरेच जण विसरतात. इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोडमध्ये (अमेरिकेत वापरली जाणारी घरबांधणीची नियमावली) तीनास एकपेक्षा, म्हणजे तीन मीटर पुढे गेलं की एक मीटर खाली यापेक्षा, तीव्र उताराच्या पायथ्याशी घर असेल तर उताराच्या उंचीच्या निम्मं अंतर सांगितलंय, माथ्यावर असेल तर फुटिंगपासून उतारापर्यंत एक तृतीयांश, दोन्हींना कमाल मर्यादा आहेत. म्हणजे ६ मीटर उंचीच्या उताराला खाली ३ मीटर, वर २ मीटर. तुमच्याकडचे आकडे वेगळे असतील, पण हद्दीपासूनचं आणि उतारापासूनचं अशी दोन्ही अंतरं एकाच नकाशावर काढा.

उतार सौम्य आणि प्लॉट रुंद असेल तर खुशाल सपाट करा. प्लॉट अरुंद किंवा उतार जास्त असेल तर माझं मत ठाम पायऱ्यांच्या बाजूने, आणि दोन्हीत वरून येणारं पाणी घराला वळसा घालून बाहेर काढायची चर पाया खणण्याआधी आखून घ्या.